दाद मागण्याआधी दार बघा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत वकिली करताना मला भेटलेले लोक काही हौसेने पायरी चढलेले नव्हते. कुणाचा बांध कोरला गेला, कुणाला जमिनीचा मोबदला तुटपुंजा मिळाला, कुणाचं बियाणं उगवलंच नाही. त्यातले बरेच जण खरे असूनही हरले. दाद मागितली ती भलत्याच ठिकाणी, नाहीतर योग्य ठिकाणी पण मुदत टळल्यावर. कोर्टाचा अधिकार कुठून येतो आणि कुठे संपतो, हे मला पुस्तकांपेक्षा अशा फायलींनी जास्त शिकवलं. त्यातलं काही इथे मांडतो. आकडे मोजण्यापुरते आहेत, त्यांवरून महत्त्व ठरवू नये.

१. तहसीलदारही कोर्टच असतो.

शेतरस्त्याचं भांडण मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याला नवं नाही. पेरणी तोंडावर आली की शेजारी वाटेवर काटे टाकतो किंवा सरळ नांगर घालतो. मुखेडकडचे एक म्हातारे शेतकरी अर्ज घेऊन आले होते. "वकीलसाहेब, आज्यापासूनची वाट हाय ती, तरी तहसीलदार म्हणतो कोणत्या कलमाखाली मागता ते सांगा." तहसीलच्या फाटकाजवळ टाईप करून घेतलेला अर्ज मी वाचला. वर लिहिलं होतं, 'कलम ५ व कलम १४३ अन्वये'. टाईप करणाऱ्याकडे एकच ठरलेला नमुना असतो, त्यात नाव आणि गट नंबर तेवढा बदलतो.

घोळ तिथेच होता. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ मधलं कलम ५ हे असलेली वाट अडवली तर ती मोकळी करून घेण्यासाठी आहे, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत यावं लागतं. जमीन महसूल अधिनियम १९६६ मधलं कलम १४३ हे शेतात जायला वाटच नाही, म्हणून शेजाऱ्याच्या बांधावरून ती मिळावी, यासाठी आहे. एकाच अर्जात दोन्ही कलमं घातली की पहिल्या ओळीत 'वाट आहे' आणि दुसऱ्या ओळीत 'वाट नाही' असं आपणच लिहून देतो. समोरचा वकील यापेक्षा जास्त काय मागणार? अर्ज नव्याने केला, कलम ५ खाली, आणि त्यात वाट कधी आणि कशी अडवली ते महिन्यासह लिहिलं.

पुढची पायरीही वेगळी आहे. १४३ खालच्या निकालावर अपील करता येतं, किंवा वर्षाच्या आत दिवाणी दावा. दावा लावला की अपिलाचं दार बंद. कलम ५ च्या निकालावर पुनरीक्षण. तहसीलदार खुर्चीत तोच बसलेला असतो, पण कोणत्या कायद्याची टोपी घालून बसलाय यावर पुढचं सगळं ठरतं.

२. फेरफाराच्या भांडणात मालकी मिळत नाही.

सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली झाली, ही समजूत अजून जात नाही. मंडळ अधिकारी, मग प्रांत, मग अपर जिल्हाधिकारी, मग आयुक्त, जमलं तर मंत्रालय. इतक्या पायऱ्या चढून नोंद जिंकलेले लोक मी पाहिले आहेत. दिवाणी कोर्टात गेल्यावर त्यांच्या हातात उरतं ते महसूल अधिनियमातल्या कलम १५७ चं गृहीतक, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने किती वेळा सांगितलं असेल! तरी भाऊ-भाऊ दहा-बारा वर्षं नोंदीवरच भांडतात आणि वाटपाचा दावा लावायचा राहून जातो.

३. हैदराबादचा कायदा अजून जिवंत आहे.

पुण्या-मुंबईकडून बदलून आलेले अधिकारी आणि तिकडून छापून येणारी पुस्तकं इथे हमखास फसतात. महाराष्ट्रात कूळकायदे तीन आहेत. जुन्या मुंबई राज्याचा १९४८ चा, विदर्भाचा १९५८ चा आणि आपल्या मराठवाड्याचा १९५० चा, हैदराबाद राज्याने केलेला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने त्या त्या भागाचे कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. म्हणून जिल्हा महाराष्ट्राचा आणि कलम हैदराबादचं, अशी आमची रोजची गत.

अधिकारक्षेत्राच्या दृष्टीने यातली कलम ९९ आणि ९९अ ही जोडी पाठच हवी. कूळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी कोर्ट ठरवू शकत नाही. दावा चालू असताना तो प्रश्न निघाला, तर दावा थांबवून तो तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. इनामाच्या जमिनींना १९५२ चा अतियात चौकशीचा कायदा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा कारभारही १९५६ च्या हैदराबाद राज्याच्याच कायद्याने चालत आला आहे.

आणि कागद? निजामाच्या काळातले निकाल, इनामाचे मुंतखब, खरेदीखतं उर्दूत. सन फसली, त्यात ५९० मिळवून इसवी सनाचा अंदाज घ्यायचा. मोडी नव्हे, उर्दू दस्त वाचू शकणारा माणूस शोधणं एकेकाळी सोपं होतं. जुन्या कारकुनांपैकी कुणी ना कुणी दर्ग्याजवळ चहाच्या टपरीवर सापडायचा. आता भाषांतरासाठी थांबावं लागतं. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक मात्र आधी काढून ठेवा. कुळाच्या आणि ताब्याच्या वादात फिरून फिरून गाडी तिथेच येते. मराठा आरक्षणाच्या वादातल्या हैदराबाद गॅझेटच्या चर्चेमुळे अलीकडे सगळ्यांनाच जुन्या कागदांचं महत्त्व कळलंय, ते एक बरं झालं.

४. आपलं खंडपीठसुद्धा एका पोटकलमाच्या अर्थावर उभं राहिलं.

नव्या वकिलांना हे ठाऊक नसतं. १९८१ पूर्वी नांदेडच्या माणसाला हायकोर्ट म्हणजे मुंबई. रात्रभराचा प्रवास, तिथे मुक्काम, आणि बोर्डावर नंबर लागला नाही तर तसंच परत. मराठवाड्याची मागणी जुनी होती, पण कायमचं खंडपीठ द्यायचं तर राष्ट्रपतींचा आदेश लागतो आणि तो काही निघत नव्हता.

तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ चं तिसरं पोटकलम हाती घेतलं. राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती इतर ठिकाणीही न्यायाधीशांना बसवू शकतात, एवढंच ते म्हणतं. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला काम सुरू झालं. लगेच आव्हान आलं. हे पोटकलम तात्पुरत्या सोयीसाठी होतं, त्याचं काम केव्हाच संपलं, आणि राष्ट्रपतींना न विचारता मागच्या दाराने खंडपीठ उभं करता येणार नाही, असं म्हणणं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई हायकोर्टाने ते मान्यही केलं. आपल्याच मुख्य न्यायमूर्तींचा आदेश रद्द करणारं हायकोर्ट ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

१९८२ मध्ये 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक' या निकालात सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. तिसऱ्या पोटकलमाला मुदतीची अट नाही, ती आपण बाहेरून घालायची नाही, आणि न्याय लोकांच्या जवळ नेण्यासाठी दिलेला अधिकार आकसून वाचायचा नाही. पुढे २७ ऑगस्ट १९८४ पासून राष्ट्रपतींच्या आदेशाने ते कायमचं झालं. गंमत म्हणजे सुरुवात झाली तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. तो ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून निघाला. आणि याच तिसऱ्या पोटकलमाखाली १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसू लागलं. ज्यांना कलमांची चर्चा म्हणजे वकिलांचा काथ्याकूट वाटतो, त्यांनी आपल्या केसपायी वाचलेलं मुंबईचं भाडं मोजावं.

५. दोघं राजी असले तरी काझीला अधिकार येत नाही.

अहमदपूरला घर, कंधार तालुक्यात शेत, आणि वाटप तर दोन्हींचं हवं. असे पक्षकार घाबरून विचारतात, दोन जिल्ह्यांत दोन दावे लावायचे का? नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ ने यातल्या कोणत्याही एका ठिकाणी दावा चालतो. ठिकाणाबद्दलची हरकत समोरच्याने पहिल्याच संधीला घ्यायची असते. सगळी उलटतपासणी झाल्यावर, निकाल विरोधात जातोय असं दिसू लागल्यावर 'हे कोर्टच चुकीचं' म्हणणाऱ्याला कोणी उभं करत नाही.

पण विषयाचाच अधिकार नसेल, तर गोष्ट वेगळी. कुळाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी हसत-खेळत दिवाणी कोर्टाकडून ठरवून घेतला तरी त्या हुकूमनाम्याला किंमत नाही. सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच 'किरण सिंग' निकालात सांगितलंय की असा हुकूमनामा मुळातच शून्य, त्याची हरकत दरखास्तीतसुद्धा घेता येते. म्हणजे तुम्ही पंधरा वर्षं लढून बेलीफ घेऊन शेतावर गेलात, आणि तिथे हा मुद्दा निघाला, तरी तो ऐकावा लागेल.

या हरकतीचा खेळही भरपूर झाला. महाराष्ट्राने संहितेत कलम ९अ घातलं होतं. तात्पुरत्या मनाईच्या अर्जावेळी अधिकारक्षेत्राची हरकत आली की आधी तोच मुद्दा निकाली काढायचा. उद्देश चांगला होता. झालं असं, की दावा मुदतबाह्य आहे इथपासून काहीही त्या चौकटीत कोंबलं गेलं आणि मूळ दावा वर्षानुवर्षं जागचा हलेना. जून २०१८ मध्ये राज्याने ते कलम काढून टाकलं. ४ ऑक्टोबर २०१९ ला 'नुस्ली वाडिया' निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अधिकारक्षेत्र म्हणजे दावा ऐकण्याची क्षमता, मुदतीचा वाद त्यात येत नाही. माझ्या मते हे कलम गेलं ते चांगलंच झालं.

६. शेजारच्या मतदारसंघातल्या वादाने देशाचा कायदा ठरतो.

भोकर. २००९ ची विधानसभा. मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण निवडून आले, माधवराव किन्हाळकर हरले. वर्तमानपत्रांत आलेला मजकूर बातम्या नसून पैसे देऊन छापलेली जाहिरात होती आणि तो खर्च हिशेबात दाखवला नाही, अशी तक्रार निवडणूक आयोगाकडे गेली. आरोप खरा की खोटा हा प्रश्न बाजूला राहिला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो वेगळाच मुद्दा. आयोगाला हे तपासायचा अधिकार आहे का?

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १०अ सांगतं की ज्याने मुदतीत आणि ठरलेल्या रीतीने खर्चाचा हिशेब दिला नाही, त्याला आयोग अपात्र ठरवू शकतो. चव्हाणांच्या बाजूचं म्हणणं होतं, हिशेब मुदतीत दिला, नमुन्यात दिला, आयोगाचं काम संपलं. खरेपणा तपासायचा तर निवडणूक याचिका आहे, हायकोर्ट आहे. ऐकायला पटणारंच म्हणणं. ५ मे २०१४ ला न्यायमूर्ती निज्जर आणि न्यायमूर्ती कलीफुल्ला यांनी ते नाकारलं. कलम ७७ ला बरोबर हिशेब हवा आहे, तेव्हा 'ठरलेल्या रीतीने' यात खरेपणाही आला. खोटा हिशेब वेळेवर दिला म्हणून सुटका नाही. आयोगाला निर्णय घ्यायला त्यांनी ४५ दिवस दिले.

यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. आयोगाने जुलैत चव्हाणांच्या विरोधात मत नोंदवून नोटीस काढली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते रद्द केलं. तोवर विधानसभेची मुदतच संपत आली होती आणि चव्हाण नांदेडचे खासदार झाले होते. आयोगाचा अधिकार सिद्ध व्हायलाच साडेचार वर्षं गेली. मोठ्या लोकांच्या खटल्यात कायदा स्पष्ट होतो तो असा. त्याचा उपयोग पुढे दुसऱ्याच कुणाला तरी होतो.

७. मोबदला घेताना सहीच्या वर दोन शब्द लिहा.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गावं वसवायला जमिनी घेतल्या गेल्या, इतर वेळी तलाव, कालवे, रस्ते यांसाठी. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे, नसाल तर नोटिशीपासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी संपेल ते. आणि रक्कम 'हरकत राखून' उचललेली हवी. शेतकरी पावतीवर नुसती सही करायचा आणि वाढीव मोबदल्याचा हक्क त्या सहीखाली गाडला जायचा.

याच मुदतीबद्दल सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. १९६१ मध्ये 'राजा हरिश्चंद्र राज सिंग' प्रकरणात ते म्हणालं, निवाड्याची तारीख म्हणजे शेतकऱ्याला तो कळला ती तारीख. साहेबाने कचेरीत सही केली ती नव्हे. १९९६ मध्ये 'शहा मणिलाल' प्रकरणात म्हणालं, भूसंपादन अधिकारी हे कोर्ट नाही, त्यामुळे त्याला उशीर माफ करताच येणार नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्याने आवळलं. २०१३ च्या कायद्याने कलम ६४ मध्ये आणखी एक वर्षापर्यंत उशीर माफ करायची मुभा दिली, तेव्हा कुठे श्वास घेता आला.

त्याच नव्या कायद्यातलं कलम २४(२) आठवलं की मला अजून डोकेदुखी होते. निवाडा होऊन पाच वर्षं झाली आणि ताबा घेतला नाही 'किंवा' मोबदला दिला नाही, तर संपादन रद्द. जानेवारी २०१४ मध्ये पुणे महापालिकेच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, तिजोरीत पैसे भरून ठेवणं म्हणजे मोबदला देणं नव्हे. लोकांच्या आशा वाढल्या, याचिका पडल्या. ६ मार्च २०२० ला इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तेच कलम घेऊन सांगितलं, हे 'किंवा' इथे 'आणि' असं वाचायचं. ताबाही नाही आणि पैसेही नाहीत, तरच रद्द. कायद्याचा एक कानामात्राही बदललेला नव्हता. पहिल्या निकालावर विसंबून कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला हे समजावताना माझ्याकडे शब्द नव्हते. पाच न्यायमूर्तींचा निकाल बंधनकारक आहे, हे मान्य. पटला का, विचाराल तर पूर्ण नाही.

८. सोयाबीन उगवलं नाही तर ग्राहक आयोग.

बियाणं फसलं की कृषी अधिकारी, पोलीस ठाणं, दुकानदाराशी हुज्जत, यातच हंगाम जातो. कंपन्यांची ठरलेली उत्तरं असतात: शेतकरी धंद्यासाठी बी घेतो म्हणून तो ग्राहक नाही, बियाण्यांचा वेगळा कायदा आहे, नमुना प्रयोगशाळेत पाठवलेला नाही. १६ जानेवारी २०१२ ला 'मधुसूदन रेड्डी' निकालात सुप्रीम कोर्टाने ही सगळी उत्तरं फेटाळली. शेतकऱ्याने सगळं बी पेरलं, तपासायला मूठभर बाजूला ठेवलं नाही, म्हणून तक्रार बुडत नाही. आता २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय हैदराबादला असो की इंदूरला, तुम्ही लातूरच्या आयोगात जा. मुदत दोन वर्षांची. पिशवी, लेबल आणि बिल मात्र जपा. पिशवीत दाणे भरून ठेवण्याची सवय मोडायला हवी.

९. ताशेरे वेगळे, निकाल वेगळा.

निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना खुर्ची सोडावी लागली. एमडी परीक्षेतल्या गुणवाढीच्या याचिकेत हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी त्यांच्याविरुद्ध मत नोंदवलं होतं. अपिलात दोन न्यायमूर्तींनी गुण त्यांच्या सांगण्यावरून बदलले असा थेट निष्कर्ष ठेवला नाही, पण प्रतिकूल शेरे राहिले आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते पुसायला नकार दिला. शिक्षा नाही, दंड नाही, नुसते शेरे. लातूर जिल्ह्यात हा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. तुमच्या निकालातही न्यायाधीश बरंच काही बोलतात. अंमलबजावणी होते ती शेवटच्या 'आदेश' या भागाची. आधी ते पान वाचा.

अधिकाराच्या काठावरचं दुसरं उदाहरण २०१६ च्या दुष्काळातलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मैदानासाठी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू, ही तयारीही चालली नाही. त्या आदेशाने लातूरला एक घागर जास्त आली नाही, हे खरं. कोर्टाने धोरणात हात घातला, ही टीकाही मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण आठवड्यांनी येणाऱ्या नळासाठी रात्री रांग लावणाऱ्या गावात त्या दिवशी कोर्टाबद्दल जी आपुलकी दिसली, ती मी त्याआधी पाहिली नव्हती.

१०. 'डायरेक्ट हायकोर्ट' हा हट्ट सोडा.

खाली अपील असेल तर हायकोर्ट बहुधा तिकडेच परत पाठवतं, आणि अनुच्छेद २२७ खाली ते पुरावा नव्याने तोलत बसत नाही. या फेरीत जी मुदत जाते ती आपली. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ ने वजा होऊ शकतो. पण प्रामाणिकपणा आणि तत्परता दोन्ही दाखवावी लागतात, आणि वकिलाने सांगितलं म्हणून गेलो एवढं दर वेळी पुरत नाही.

म्हणून एक विनंती. आदेशाची नक्कल हाती येताच तिच्या मागे तारीख टाका आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन एवढंच विचारा की पुढे जायचं कुठे आणि किती दिवसांत. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, भूकंप-पुरासारख्या आपत्तीत सापडलेले, यांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर नंबर आहे १५१००.